यंत्रं फोडणारे नेमकं काय फोडत होते?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील, असं कुणी म्हणालं की त्याला लगेच ‘लडाइट’ ठरवतात. म्हणजे प्रगतीला घाबरणारा, अडाणी. पण मूळचे लडाइट कोण होते, ते जरा बघू.

१८११ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम परिसरात मोजे विणणारे कारागीर रात्री माग फोडू लागले. आता गंमत बघा, हा माग नवा नव्हताच. विल्यम लीने तो १५८९ च्या सुमारास बनवलेला. दोनशे वर्षं हे लोक त्याच्यावरच पोट भरत होते! मग राग कशाचा? काही मालक रुंद मागावर कापड विणून, ते कापून-शिवून हलके मोजे स्वस्तात विकत आणि उमेदवारी पुरी न केलेल्यांना कमी मजुरीत बसवत. फोडले गेले ते मुख्यतः अशांचे माग.

यॉर्कशायरमध्ये मात्र लोकरी कापड कातरणारं यंत्र खरोखरच माणसांची जागा घेत होतं. तिथल्या १७ जणांना जानेवारी १८१३ मध्ये फाशी झाली.

यानंतर आठ वर्षांनी डेव्हिड रिकार्डोने, बाजारपेठेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवं प्रकरण घातलं. यंत्र सगळ्यांच्याच हिताचं, हे आपलं आधीचं मत चुकलं, मजुरांची भीती हा निव्वळ गैरसमज नव्हे, असं त्याने त्यात लिहिलं. त्याचा चाहता मॅककुलक भलताच नाराज झाला, पत्र लिहून भांडला. रिकार्डोने प्रकरण मागे घेतलं नाही.