एका बिटासाठीं केवढें घर?

धामणगाव बढे ज्या बुलढाणा जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील मलकापुरावरून भुसावळ-नागपूर लोहमार्ग जातो. सिग्नलाचा हात आडवा असला तर थांबावें, झुकला तर पुढें जावें, एवढ्या एका खुणेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या चालल्या. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डच गणिती एड्सगर डाइकस्ट्रा यांनीं संगणकांतील एकमेकांच्या वाटेंत येणाऱ्या कामांना शिस्त लावणारी युक्ति काढली, तेव्हां तिला त्यांनीं रेल्वेचेंच नांव दिलें: सेमाफोर.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें, अशा होय-नाहींच्या खुणा असंख्य असतात. एकीस एक बिट पुरतो. परंतु प्रक्रियक बहुधा बिट सुटा उचलीत नाहीं. तो सबंध बाइट किंवा शब्द उचलतो, त्यांत फेर करतो आणि परत ठेवतो. दोन कारकुनांनीं एकाच खातेवहीचें पान उतरून घ्यावें, प्रत्येकानें आपली नोंद करावी व आपलें पान वहींत लावावें, तर पहिल्याची नोंद नाहींशी होईल. कर्नलमध्यें असें झालें तर ‘ही चौकट तबकडीवर लिहावयाची आहे’ ही खूणच पुसली जाते व मजकूर कायमचा बुडतो. म्हणून उचलणें, बदलणें व ठेवणें ही एकच अखंड क्रिया व्हावी लागते.

आय.बी.एम.नें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मध्यें यासाठीं एक आज्ञा होती. ती बाइटांतील पहिला बिट तपाशी आणि आठही बिट एकदम चढवी. एका पाहुण्यासाठीं आठ खोल्या अडविण्यासारखेंच हें! १९८५ च्या इंटेल ८०३८६ वर एकेक बिट अखंडपणें बदलण्याची सोय झाली. त्याच यंत्रावर १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स आरंभिलें. आरंभीच्या लिनक्समध्यें बिट चढविणाऱ्या फंक्शनला कोणताही पत्ता चाले. तेथें कोणत्या प्रकारची राशि आहे, याची चौकशी नव्हती. त्या यंत्रावर ‘इंट’ व ‘लाँग’ दोन्ही ३२ बिटांचेच असल्यामुळें ही ढिलाई खपून गेली.

लिनक्स अल्फा प्रक्रियकावर गेलें तेव्हां ‘लाँग’ ६४ बिटांचा झाला, ‘इंट’ ३२ चाच राहिला. आरंभीच्या अल्फांना सुटा बाइट लिहितांही येत नसे. शेजाऱ्यांसह चार किंवा आठ बाइट उचलावे लागत. पुढें लिनक्समध्यें नियम ठरला कीं, अखंड खुणांचें घर ‘अनसाइन्ड लाँग’च असावें. माझ्या मतें हा नियम अल्फापेक्षांही थोरला बाइट आधीं मांडणाऱ्या यंत्रांमुळें अधिक पटतो. पुण्याच्या सी-डॅकचा १९९८ चा ‘परम १००००’ ज्यावर उभारला होता, तें अल्ट्रास्पार्क घराणें याच मांडणीचें. (सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर हे शेजारच्या अकोला जिल्ह्यांतले, हें जातां जातां सांगतों.) अशा ६४ बिटांच्या यंत्रावर ‘इंट’चा पत्ता दिला, तर फंक्शन आठ बाइटांचा शब्द धरतें आणि शून्यावा बिट मागील चार बाइटांत, म्हणजे शेजारच्या राशींत, जाऊन पडतो. धाकटा बाइट आधीं मांडणाऱ्या यंत्रावर तोच बिट योग्य जागीं पडतो, म्हणून चूक दिसतच नाहीं! कंपायलर प्रकार जुळत नसल्याचा इशारा देतो. पण जबरीनें प्रकार बदलून त्याचें तोंड बंद करणारे प्रोग्रामर थोडे नाहींत.

या नियमाची किंमतही आहे. ४०९६ बाइटांची एक याप्रमाणें चार गिगाबाइट स्मृतीच्या १०,४८,५७६ चौकटी होतात, आणि प्रत्येकीच्या वर्णनांत खुणांचा एक शब्द असतो. ३२ बिटांच्या यंत्रावर त्या शब्दांतले कांहीं बिट स्मृतीचा विभाग सांगण्यांतच खर्च होतात. आणखी एक शब्द द्यावा तर चार मेगाबाइट जातात. त्यामुळें नव्या खुणेस जागा मागणाऱ्याचें स्वागत सहसा होत नसे, आणि कांहीं खुणा या शब्दांत केवळ ६४ बिटांच्या यंत्रांवरच ठेवल्या गेल्या.