पिवळ्या कागदावरची शर्यत

खेळाला आश्रयदाता लागतो, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले, म्हणून कोल्हापूरच्या तांबड्या मातीचे नाव झाले. संस्थाने गेली तेव्हा जत्रा कमिट्या आणि साखर कारखाने पुढे आले. आता फलकावर सिमेंट कंपनीचे नाव असते. पैलवानाला खुराक लागतो आणि खुराकाला पैसा लागतो, यात कुणाला वावगे वाटायचे कारण नाही.

प्रश्न निराळा आहे. ज्याचा पैसा, त्याच्याच हाती पंचाची शिट्टी गेली तर काय होते? इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी या प्रश्नाची उदाहरणे शोधत आलो आहे. त्यांत सर्वांत बोलके उदाहरण मला सापडले ते युरोपातल्या सायकल शर्यतींत, विशेषतः ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ आपल्याला ठाऊक आहे. विजापूर-बागलकोटकडची मुले सायकलवर राष्ट्रीय पदके आणतात, हेही आपण पाहतो. तेव्हा ही कथा आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

या शर्यतीचा जन्मच मुळी धंद्याच्या भांडणातून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये ‘ल व्हेलो’ नावाचे क्रीडा वृत्तपत्र हिरव्या कागदावर निघत असे. त्याचा संपादक पिएर जिफार. फ्रान्सला दुभंगून टाकणाऱ्या ड्रेफस प्रकरणात तो एका बाजूला आणि त्याला जाहिराती देणारा मोटारींचा कारखानदार काउंट द दियाँ दुसऱ्या बाजूला. दियाँने आपल्यासारख्या कारखानदारांना हाताशी धरून १९०० साली प्रतिस्पर्धी पत्र काढले, ते पिवळ्या कागदावर. पुढे ते ‘लोतो’ या नावाने ओळखले गेले. संपादक नेमला आंरी देग्रांज. पत्र काही केल्या खपेना. तेव्हा जिओ लफेव्र या तरुण बातमीदाराने सुचवले, की सबंध फ्रान्सला वळसा घालणारी सायकल शर्यतच आपण भरवू.

१ जुलै १९०३ रोजी ६० स्वार निघाले. सहा टप्पे आणि सुमारे २४०० किलोमीटर अंतर. काही टप्पे रात्रीच्या अंधारात सुरू होत. शेवटपर्यंत पोहोचले ते अवघे २१. मोरिस गारँ पहिला आला. पत्राचा खप २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेल्याचे सांगतात. ‘ल व्हेलो’ पुढच्याच वर्षी बंद पडले. १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी मिळू लागली; तो रंगही पत्राच्या कागदाचाच असे मानले जाते. इटलीत ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या गुलाबी कागदावरच्या पत्राने १९०९ साली तशीच शर्यत सुरू केली आणि पुढे तिथली जर्सी गुलाबी झाली. विजेत्याच्या अंगावर वृत्तपत्राचा रंग, असा हा खेळ आहे.

पैशाच्या पाठोपाठ लबाडी आली. १९०४ च्या शर्यतीत काहींनी आगगाडीचा आधार घेतल्याचे, रस्त्यावर खिळे पसरल्याचे, प्रतिस्पर्ध्यांना मारहाण झाल्याचे आरोप झाले. शर्यत संपल्यावर चार महिन्यांनी पहिल्या चारही क्रमांकांना बाद ठरवण्यात आले. त्यांत गारँही होता. एकोणीस वर्षांचा आंरी कोर्ने विजेता ठरला. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा निर्णय वृत्तपत्राचा नव्हता, फ्रान्सच्या सायकल संघटनेचा होता. देग्रांज त्यावर नाराजच होता. खप वाढवणारी शर्यत ज्याची, त्याला ती नासलेली आहे असे जाहीर करणे जड जाते. पुढची शंभर वर्षे हेच चालू राहिले.

उत्तेजक औषधांची गोष्टही जुनीच आहे. १९२४ साली आंरी आणि फ्रान्सिस हे पेलिस्ये बंधू जर्सीच्या एका क्षुल्लक नियमावरून चिडून कूतांस गावी शर्यत सोडून बसले. आल्बेर लाँद्र हा नामवंत पत्रकार त्यांना तिथल्या उपाहारगृहात भेटला. त्यांनी पिशव्या उघडून दाखवल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि वर गोळ्यांच्या डब्या. दुसऱ्या एका पत्रातून ही हकीकत फ्रान्सभर गेली. पण त्या वेळी कायदाच नव्हता, मग गुन्हा कुठला? १९३० साली देग्रांजने कारखान्यांचे संघ काढून राष्ट्रांचे संघ आणले आणि स्वारांचा खर्च स्वतःच्या शिरावर घेतला. नियमपुस्तिकेत त्याने बजावले, की आयोजक जे पुरवतील त्यात उत्तेजक औषधे नाहीत. घेऊ नका, असे त्याने म्हटले नाही. तुमची तुम्ही आणा, असाच त्याचा अर्थ होतो! आणि वाढलेला खर्च भागवण्यासाठी त्याच वर्षी शर्यतीच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा तांडा निघू लागला. तो आजही निघतो.

आता या खेळाचा हिशेब समजून घेऊ. फुटबॉलच्या मैदानाला फाटक असते, तिकीट असते. सायकलची शर्यत रस्त्यावर होते आणि रस्त्याला तिकीट लावता येत नाही. लाखो लोक घाटात उभे राहून फुकट पाहतात. दूरदर्शन प्रक्षेपणाचे उत्पन्न प्रामुख्याने आयोजकाकडे जाते. मग संघ जगतो कशावर? अंगावरच्या नावावर. पूर्वी ते नाव सायकल कारखान्याचे असे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कूटर आणि मोटारी आल्या, सायकलींचा खप घसरला, कारखाने थकले. १९५४ साली फिओरेन्झो माग्नी या इटालियन स्वाराने निव्हिया या मलमाच्या कंपनीला आश्रयदाता म्हणून आणले आणि सायकलशी संबंध नसलेल्या धंद्यांना दार मोकळे झाले. संघाला स्वतःचे मैदान नाही, तिकिटांचे उत्पन्न नाही. प्रायोजकाने हात काढला की संघ विसर्जित होतो आणि पंचवीस-तीस स्वारांबरोबर मदतनीस, यंत्रज्ञ, स्वयंपाकीही रस्त्यावर येतात. अशा ठिकाणी सत्य बोलणे हा केवळ नीतीचा प्रश्न राहत नाही, तो चुलीचा प्रश्न होतो.

फ्रान्सने १९६५ साली उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६६ साली बोर्दो येथे पहिली तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी स्वारांनी निषेध म्हणून सायकलवरून उतरून काही अंतर पायी कापले. आणि १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार कोसळला आणि मरण पावला. वय २९. शवविच्छेदनात अॅम्फेटामिन आणि मद्य आढळले. पुढच्या वर्षीच्या कराराची बोलणी चांगल्या क्रमांकावर अवलंबून असल्याने तो पोट बिघडलेले असतानाही रेटत होता. १९६८ च्या शर्यतीला ‘आरोग्याची शर्यत’ म्हटले गेले. नाव बदलले, बाकी फारसे काही बदलले नाही.

नव्वदच्या दशकात विज्ञान धावून आले, पण चोराच्या मदतीला. एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते कृत्रिमरीत्या बनवले गेले आणि स्वारांच्या पिशवीत शिरले. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. मात्र रक्त दाट होऊन जिवावरही बेतू शकते. त्यावर बंदी होती, पण ते ओळखणारी चाचणी नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ साली नियम केला, की रक्तातले पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक भरले तर स्वाराने पंधरा दिवस विश्रांती घ्यावी. शिक्षकाला यातला धोका लगेच कळतो. पस्तीसला पास म्हटले की मुले पस्तीसचाच अभ्यास करतात. संघांनी रक्त मोजायची यंत्रे सोबत बाळगली आणि प्रमाण पन्नासच्या जरा खाली राखले.

शेवटी बिंग फुटले ते प्रयोगशाळेत नव्हे, नाक्यावर. ८ जुलै १९९८ रोजी बेल्जियम-फ्रान्स सीमेवर जकात अधिकाऱ्यांनी फेस्टिना या घड्याळ कंपनीच्या संघाची गाडी अडवली. चालवत होता संघाचा मालीशवाला विली व्होएट. गाडीत शेकडो मात्रा निघाल्या. संघ शर्यतीतून काढला गेला, पोलिसांनी हॉटेलांवर धाडी घातल्या, स्वार निषेध म्हणून रस्त्यात बसले. १८९ स्वार निघाले होते, ९६ पोहोचले. जिंकलेल्या मार्को पांतानीच्या त्या वर्षीच्या नमुन्यांत ईपीओ होते, हे फ्रान्सच्या सिनेटच्या अहवालातून २०१३ साली जाहीर झाले. पांतानी ते ऐकायला उरला नव्हता. २००४ सालीच तो गेला होता. फेस्टिना प्रकरणाच्या धक्क्यातून १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, स्थापन झाली.

त्याच साली कर्करोगातून उठलेला अमेरिकन स्वार लान्स आर्मस्ट्राँग जिंकला. बदनाम खेळाला असाच नायक हवा होता. प्रायोजकाला, आयोजकाला, संघटनेला, वृत्तपत्रांना, सर्वांनाच तो हवा होता. २००५ पर्यंत तो सलग सात वेळा जिंकला. फेस्टिना संघातला जो एक स्वार औषधांपासून अलिप्त राहिल्याची ग्वाही खुद्द त्याच्या सहकाऱ्यांनी दिली होती, तो क्रिस्तोफ बासोन्स १९९९ च्या शर्यतीत एका दैनिकात लिहीत होता. खेळ अजून स्वच्छ नाही, असे त्याने लिहिले. आर्मस्ट्राँगने चालू शर्यतीत त्याला गाठून सुनावले. बाकी स्वारांनी त्याच्याशी बोलणे टाकले, अगदी त्याच्या संघातल्यांनीही. तो अर्ध्यावरून घरी गेला आणि २००१ मध्ये त्याने खेळच सोडला. या इतिहासात विजेत्यांच्या याद्या छापल्या जातात. बासोन्ससारख्यांची यादी कुणी छापत नाही.

२०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी मांडल्या. त्यांत आर्मस्ट्राँगचे अकरा जुने सहकारी होते. अहवाल जाहीर झाल्यावर आठवडाभरात नाइकी कंपनीने करार मोडला. सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि त्या जागा कोऱ्या ठेवल्या गेल्या. दुसरा क्रमांक देण्याइतका निर्मळ माणूस कोण, हा पेच होता. आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१५ साली सांगितले, की संघटनेनेच आर्मस्ट्राँगला झुकते माप दिले. १९९९ साली मागची तारीख घातलेली औषधाची चिठ्ठी मान्य केली गेली, पुढे त्याच्याकडून देणग्या घेतल्या गेल्या. चाचणी दडपण्यासाठी लाच दिल्याचा पुरावा मात्र आयोगाला मिळाला नाही. मला हा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. लाच द्यावी लागलीच नाही. सर्वांचे हित एका बाजूला असले, की पाकीट न देताही डोळे मिटतात.

मग उपाय काय? प्रायोजकांना हाकलून द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. जर्मनीची टी-मोबाइल कंपनी २००७ मध्ये गेली, हॉलंडची राबोबँक २०१२ मध्ये गेली. त्याने खेळ स्वच्छ झाला असे नाही. निरपराध स्वारही त्यात भरडले गेले. खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. पहिली, २००८ पासूनचा ‘रक्ताचा पासपोर्ट’. यात औषध शोधत नाहीत; स्वाराच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षे ठेवून त्याची तुलना त्याच्याशीच करतात. प्रगतिपुस्तकात सदैव चाळिशीत असलेला मुलगा एका चाचणीत नव्वदवर गेला, तर आपण चौकशी करतोच ना? दुसरी, तपासणी खेळ चालवणाऱ्यांच्या हातून काढून घेणे. २०२१ पासून सायकलमधील तपासणी स्वित्झर्लंडमधील एक वेगळी संस्था पाहते. पैसा आजही संघ, आयोजक आणि संघटना हेच देतात. पण कुणाची आणि कधी तपासणी करायची, हे त्यांनी ठरवायचे नाही. आश्रयदाता आणि पंच वेगळे झाले. जे १९०४ साली एका संघटनेने एकदा केले होते, ते व्यवस्था म्हणून रुजायला शतक लोटले. शंका आजही फिटलेली नाही आणि मला वाटते, तीही अनाठायी नाही.

हा सगळा पसारा मी फ्रान्सच्या कौतुकासाठी मांडलेला नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक होते: ५६०६ नमुन्यांत २१३. आपल्याकडे जर्सीवर मोठ्या कंपन्यांची नावे नसतात, पण पदकामागे रेल्वेची किंवा पोलीस खात्याची नोकरी असते. गरीब घरच्या मुलाला ती नोकरी हाच प्रायोजक. “सर, पोराला ती ताकदीची पावडर देऊ का? सगळेच देतात म्हणे,” असे विचारणारे पालक माझ्या खोलीत येतात. ‘सगळेच घेतात’ हे पेलिस्ये बंधूंपासून आर्मस्ट्राँगपर्यंतचे वाक्य निपाणी-खानापूरच्या बाजारपेठेतून माझ्या टेबलापर्यंत पोहोचले आहे. मी त्यांना एवढेच सांगतो: डब्यावर काय लिहिले आहे ते विकणाऱ्याला विचारू नका, ज्याला त्यात काही मिळवायचे नाही, अशा डॉक्टराला विचारा.

हे उत्तर लहान दिसते. पण सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचे सार मला तरी त्याहून वेगळे सापडलेले नाही.