बांबू कोणत्या वहीत? मेंढा (लेखा) आणि एका मालाच्या दोन नोंदी

कंपन्यांमध्ये सध्या ‘मास्टर डेटा’ हा शब्द फार ऐकू येतो. अर्थ साधा आहे. ग्राहक कोण, माल कोणता, त्याचं माप काय, या मूळ गोष्टींची एकच पक्की नोंद ठेवायची आणि खरेदी, विक्री, हिशेब या सगळ्यांनी तीच वापरायची. विक्रीच्या वहीत माल एका नावाने आणि गोदामाच्या वहीत दुसऱ्या नावाने असेल, तर माल समोर असूनही विकता येत नाही. हे दुखणं संगणकाबरोबर आलं असं आपल्याला वाटतं. पण आपल्या धानोरा तालुक्यात ते संगणकाशिवायच होऊन गेलं आहे, आणि आज आपण तीच हकिगत पाहणार आहोत.

मेंढा हे धानोऱ्याजवळचं गोंडांचं छोटं गाव. मेंढा नावाची गावं आणखीही आहेत, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव कंसात जोडतात. (घोळ टाळायची ही आपली बिनखर्चाची युक्ती!) २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलात बांबू भरपूर. आता ग्रामसभेने तो विकायचा, एवढंच राहिलं होतं.

पण बांबू म्हणजे काय? वनस्पतिशास्त्र म्हणतं, गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने तो ‘झाड’ या व्याख्येत बसवला होता. आणि २००६ च्या कायद्यात तोच बांबू गौण वनोपज, म्हणजे ज्यावर गावाची मालकी चालते तो माल. दोन्ही कायदे चालू. वनखातं जुन्या नोंदीवर बोट ठेवी, ग्रामसभा नव्या. वाहतूक परवाना मिळेना. परवान्याशिवाय ट्रक नाक्यापुढे जात नाही, मग व्यापारी पैसे कशाला गुंतवील? हक्क कागदावर, बांबू रानात, असं दीड वर्षाहून जास्त चाललं.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे मेंढ्यात अभ्यासगटांची रीत होती, त्यामुळे गाव कलमं वाचून बोलत होतं. मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितलं. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात, त्यांच्या समक्ष, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

बांबू तोच, रान तेच. बदललं ते इतकंच, की मालाला एक नाव मिळालं आणि खरेदीदाराला विचारायला एक दार मिळालं. धंदा त्यावर उभा राहिला. कंपन्यांना सल्ला देणारे इथेच थांबतात: नोंद एक करा, खर्च वाचेल. आम्हाला मात्र त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो. एक नोंद ठरवायची तर कुणाची? वनखात्याची नोंद खरी धरली असती, तरी घोळ मिटलाच असता. फक्त मेंढ्याच्या हाती काही राहिलं नसतं.

सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा अधिकार देशभरच्या ग्रामसभांच्या समित्यांकडे आला. १९२७ च्या कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू निघाला तो मात्र २०१७ मध्ये, नव्वद वर्षांनी.