सोन्याखालची माती

जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली त्याचे प्रतिष्ठापन झाले. आत जाताच सोन्याने झळकणारी भव्य वेदी समोर दिसते. हे सारे सोनेच, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात ते लाकडातले कोरीवकाम आहे. अशा कामावरील सोन्याच्या वर्खाची जाडी असते साधारण ०.१ मायक्रॉन. एक ग्रॅम सोने एवढे पातळ केले तर किती जागा झाकेल? घनता १९.३ धरून हे गणित वर्गात करून पाहावे. उत्तर सुमारे अर्धा चौरस मीटर येते.

पोर्तुगीज वेद्या असोत वा अठराव्या शतकातील फ्रेंच राजवाड्यांतील खुर्च्या, पारंपरिक पद्धत सारखीच. लाकडावर जनावरांच्या कातड्याचा सरस आणि खडू किंवा जिप्सम यांचे अनेक थर द्यायचे. त्यावर लोहयुक्त तांबूस माती लावायची, ती पाण्याने भिजवून वर्ख चिकटवायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटायचा. सोन्याला झळाळी येते ती या मऊ मातीमुळे.

सोने हवेत गंजत नाही. बिघडते ते त्याखालचे. घिवली-तारापूरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दारे फुगून चौकटीत अडकतात आणि पुढे फटी पडतात, हे आपण दरवर्षी पाहतो. वेदीचे लाकूडही असेच फुगते-आकसते. वरचा ठिसूळ थर मात्र ताणला जात नाही. तो तडकतो आणि सोन्यासकट सुटतो.

मग सद्‌हेतूनेच चूक घडते. कोणी ओल्या फडक्याने पुसतो. सरस पाण्यात विरघळतो आणि सोने फडक्यावर येते. कोणी पितळेच्या पुडीचा सोनेरी रंग फासतो. त्यातील तांब्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो काळवंडतो. रंग योग्य सेंद्रिय द्रावकाने बहुधा काढता येतो, कारण त्यात सरस विरघळत नाही. धुतले गेलेले सोने मात्र परत येत नाही. म्हणून जतन करणारे आधी सुटलेला थर पातळ सरसाने जागच्या जागी बसवतात, कोपऱ्यात चाचणी घेतात आणि नवा वर्ख गेलेल्या जागेपुरताच लावतात.

गोव्यात १९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले. २००२ साली ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. सहल तिथे गेली, तर विद्यार्थ्यांना सोन्याच्या झिजलेल्या कडा पाहायला सांगावे. तिथे तांबूस माती डोकावते. तिच्यावर पुन्हा सोनेरी रंग फासला, तर मूळ कारागिराचे काम झाकले जाते.