दाढेतली केबल : जुनं रूट कॅनाल उसवताना

गेल्या महिन्यात खडकीत एका दवाखान्याच्या खुर्चीत मी आ वासून पडलो होतो. कॉलेजात असताना रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा ठणकायला लागली होती. मी ठरवूनच गेलो होतो, काढून टाका एकदाची! डॉक्टर मॅडम एक्स-रे बघून म्हणाल्या, "थांबा. आत गटापर्चा भरलंय. ते काढता येतं. दाढ वाचवून बघू."

गटापर्चा? घरी येऊन शोधायला बसलो आणि थेट मलायाच्या जंगलात पोचलो.

गटापर्चा म्हणजे तिथल्या एका झाडाचा चीक. स्थानिक लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करायचे. सिंगापूरला असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. गरम पाण्यात मऊ, गार झालं की घट्ट, शिवाय वीज अडवणारं. समुद्राखालच्या तारायंत्राला हेच हवं होतं. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली, तिच्या तांब्यावर गटापर्चाचंच आवरण होतं. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना त्याच्या आदल्याच वर्षीचा, १८६९ चा!

दातवाल्यांनीही हा चीक उचलला. दाताच्या मुळात तो पहिल्यांदा भरल्याचं श्रेय अमेरिकेतल्या जी. ए. बोमन यांना, १८६७ सालचं. १८८७ पासून एस. एस. व्हाइट कंपनी त्याच्या बारीक काड्या विकू लागली. आजच्या काडीत गटापर्चा साधारण पाचवा हिस्साच असतं, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड.

मग १९३३ मध्ये स्पर्धक आला, चांदीची काडी. ताठ असल्याने अरुंद, वाकड्या मुळातही सहज सरकायची. पण आत ती गंजायची. आणि काढायची वेळ आली की पंचाईत! चांदी विरघळवणारं काही दाताच्या आत ओतता येत नाही. चिमट्यात धरून अख्खी ओढायची, नाहीतर हलवून सैल करायची. चांदी मागे पडली, चीक टिकला.

कारण तो बाहेर येतो. वरचा भाग गरम करून मऊ करायचा. आत क्लोरोफॉर्मचा किंवा संत्र्याच्या तेलाचा थेंब सोडायचा. मग हेडस्ट्रॉम फाइल फिरवून आत रुतवायची आणि ओढायची. १९८८ मध्ये हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून लवचीक फाइल्स बनवल्या. आज त्याच धातूच्या फाइल्स मोटरवर फिरतात.

पण खरी गोम पुढे आहे. कुठल्याही पद्धतीने आतलं सगळंच्या सगळं निघत नाही, भिंतींना थोडं चिकटून राहतंच. त्या थराखाली जंतू लपले, तर औषध तिथे पोचत नाही. म्हणून मॅडम पुन्हापुन्हा धुवत होत्या, एक्स-रे काढून तपासत होत्या. दोन बैठका लागल्या.

आमच्याकडे नवा कोड टाकण्याआधी विचारतात, बिघडलं तर मागे कसं यायचं? गटापर्चाकडे त्याचं उत्तर आहे, अर्धंमुर्धं का होईना.

दाढ सध्या शांत आहे. हाड भरलं की नाही, ते पुढच्या एक्स-रेत कळेल. तोवर एक काम करा : रूट कॅनाल झालं असेल, तर आत काय भरलंय ते विचारा आणि जुना एक्स-रे जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात!