'स्टार्ट' आणि आरंभ

आज एका इंग्रजी क्रियापदापासून निघू. शब्द आहे 'स्टार्ट'. आपण तो दिवसातून दहादा बोलतो. आखाड्यावर मोटार स्टार्ट करतो, घरी गाडी स्टार्ट करतो. इंग्रजीत इथं 'बिगिन' चालत नाही. का? तर 'स्टार्ट'चा जुना अर्थच मुळी उडी मारणं, दचकणं असा आहे. 'सुरुवात करणं' हा अर्थ त्याला बराच नंतर चिकटला. झटका मात्र त्यात राहिलाच.

आता आपले शब्द बघा. 'आरंभ' हा 'रभ्' या संस्कृत धातूवरून आला. त्याचा अर्थ धरणं. आरंभ करणं म्हणजे काम हाती धरणं. 'पोरगं बोलू लागलं' यातलं 'लागणं' म्हणजेसुद्धा चिकटणंच. तिकडे उडी आहे, इकडे पकड आहे.

तुम्ही म्हणाल, याचा इतिहासाशी काय संबंध? सांगतो. मराठवाड्याचं स्वातंत्र्य कधी सुरू झालं, असं विचारलं की आपण 17 सप्टेंबर 1948 म्हणतो. ते खरंच आहे. 13 तारखेला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. हा झाला 'स्टार्ट'.

आणि आरंभ? 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा आपल्या परभणी जिल्ह्यात होतं. 1981 मध्ये ते नव्या जालना जिल्ह्यात गेलं. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली. जे सुरूच झालं नाही त्यावर बंदी! 'स्टार्ट' झाला नव्हता, पण लोकांनी काम हाती धरलंय, हे सरकारला बरोबर कळलं होतं. त्याच ऑक्टोबरात सत्याग्रह झाला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले.

फौजेचं मोल मी कमी करत नाही. तिच्यावाचून निजाम हलला नसता. पण नुसती 17 तारीख सांगितली, तर स्वातंत्र्य आपल्याला बाहेरून कुणी आणून दिलं, असंच पोरांना वाटेल. तेव्हा यंदा झेंडावंदनाला जाल तेव्हा नातवंडांना परतूरचंही नाव सांगा. एवढंच बोलून थांबतो.