दार वाजवणारा चोरच असतो का?

आपल्यावर हल्ला करणाऱ्या संगणकावर आपल्या यंत्रानं आपणहून उलट वार करावा का? हा वाद नवा वाटतो, पण माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण २००१ सालाभोवती फिरतंय.

त्या वर्षी १९ जुलैला 'कोड रेड' या वर्मनं चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त संगणक पछाडले. ऑगस्टमध्ये 'कोड रेड २' आला. (नाव तेच, प्रोग्राम वेगळा.) तो मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये शिरला की मागचं दार सताड उघडं ठेवायचा, मग तिथे कुणीही कुठूनही आज्ञा चालवाव्यात. गंमत म्हणजे, पुढचं सावज शोधताना हाच संगणक इतरांचं दार वाजवायचा आणि आपला पत्ता देऊन बसायचा.

झालं! काही अ‍ॅडमिन मंडळींनी स्क्रिप्ट लिहिल्या: दार वाजलं की वाजवणाऱ्याच्या मागच्या दारानं आत शिरायचं आणि त्याच्या पडद्यावर इशारा झळकवायचा, नाहीतर सर्व्हरच बंद पाडायचा. सप्टेंबरमध्ये 'सीआरक्लीन'चा कोड लोकांसमोर आला. तो तर स्वतःच वर्म होता, फक्त दबा धरून बसणारा. हल्ला झाला तरच उलट जायचं, कोड रेड काढायचा आणि तिथेच ठाण मांडायचं.

याला स्वसंरक्षण म्हणणं मला पटत नाही. दार वाजवणारा संगणक बहुतेक वेळा दुसऱ्या एका बळीचाच असतो, आणि मालकाला पत्ताही नसतो. २०१४ मध्ये 'वायर्ड'ला दिलेल्या मुलाखतीत एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेच्या 'मॉन्स्टरमाइंड' या स्वयंचलित प्रतिहल्ला यंत्रणेवर हाच आक्षेप घेतला: चीनमधल्या कुणी हल्ला रशियातून आल्यासारखा भासवला, तर आपला वार रशियातल्या एखाद्या हॉस्पिटलवर पडायचा.

ऑगस्ट २००३ मधल्या 'वेल्चिया'नं तर हल्ल्याचीही वाट बघितली नाही. तो 'ब्लास्टर' वर्म शोधून पुसायचा, मायक्रोसॉफ्टचा पॅच उतरवायचा, संगणक रीस्टार्ट करायचा. समाजसेवाच म्हणा ना! पण नवे संगणक हुडकायला त्यानं इतके पिंग पाठवले की नेटवर्कं गुदमरली. एअर कॅनडाचं चेक-इन कोलमडलं, अमेरिकी नौदलाचं नेटवर्क तुंबलं. २००४ उजाडलं की त्यानं स्वतःला पुसायचं, अशी मुदत लिहिणाऱ्यानं घातली होती. तोवरचे साडेचार महिने त्याला थांबवायचं बटण मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.